अमेरिकेतल्या छोट्या काउंटीत घर घेताय? यूएसडीए लोनची वाट, पायरी पायरीने

न्यू जर्सी, बे एरियावाल्यांना हे फारसं कामाचं नाही. हे लिहितोय ते आयोवा, मिसूरी, नेब्रास्का असल्या ठिकाणी छोट्या गावातल्या हॉस्पिटलात, कारखान्यात, कॉलेजात नोकरी लागलेल्या आपल्या लोकांसाठी. भाडं भरून कंटाळा आलाय, गावात भाड्याची घरंही मोजकीच, आणि बँकेत डाउन पेमेंटपुरते पैसे साठलेले नाहीत. आम्ही आयोवात यूएसडीएच्या ह्याच शून्य डाउन पेमेंटवाल्या लोनवर घर घेतलं, डे मॉइनपासून तासाभरावर, त्यामुळे उदाहरणं आयोवाची आहेत. लोनचे नियम देशभर सारखेच, फक्त घराच्या कागदपत्रांची पद्धत राज्यागणिक बदलते.

आपल्याकडे सगळ्यात मोठा गैरसमज हा की यूएसडीए म्हणजे शेतीखातं, तेव्हा हे लोन शेतकऱ्यांनाच मिळत असणार. तसं नाहीये. शेतीखात्याचाच रूरल डेव्हलपमेंट नावाचा विभाग आहे, तो हाउसिंग अॅक्ट १९४९ च्या कलम ५०२ खाली गावाकडच्या साध्या राहत्या घरांसाठी मदत करतो. उलट घराबरोबर उत्पन्न देणारं शेत असेल तर लोन अडकतं. परसात भेंडी, वांगी लावायला कोणी हरकत घेत नाही.

१. आधी आपला स्टेटस बघा

हे पहिलं, कारण इथे "नाही" आलं तर पुढचं वाचायची गरजच नाही. यूएसडीए लोनला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं (निर्वासित वगैरे थोडे आणखी प्रकार आहेत). एच-१बी, एल-१, एच-४ वर असाल तर मिळत नाही, आणि लेंडर (कर्ज देणारी बँक किंवा कंपनी) तुमचा स्टेटस सरकारी सिस्टिममध्ये तपासून बघतो. पूर्वी अशा लोकांना "एफएचए घ्या" (सरकारी विमा असलेलं दुसरं होम लोन) असं सांगितलं जायचं, जुन्या व्हिडिओंमध्ये अजून तेच ऐकायला मिळेल, पण २५ मे २०२५ पासून एफएचएनेही ग्रीन कार्ड नसलेल्यांना दार बंद केलंय. व्हिसावाल्यांना राहतं ते कन्व्हेन्शनल लोन (सरकारी हमी नसलेलं साधं लोन), तिथे व्हिसावर असणं ही आपोआप अडचण ठरत नाही आणि पहिल्या घरासाठी ३ टक्के डाउन पेमेंटवरही काही स्कीम आहेत.

नवरा-बायकोपैकी एकाकडेच ग्रीन कार्ड असेल तर त्या एकाच्या नावावर लोन होऊ शकतं. पण मग कर्ज फेडायची ऐपत त्या एकाच्याच पगारावर ठरते, आणि उत्पन्नाची मर्यादा मोजताना मात्र दोघांचाही पगार धरतात. ह्या गोष्टीवर तिसऱ्या पायरीत नीट बोलू, कारण बहुतेक फाइली तिथेच अडकतात.

२. नकाशावर पत्ता टाका

यूएसडीएच्या वेबसाइटवर प्रॉपर्टी एलिजिबिलिटीचा नकाशा आहे, फुकट आहे, लॉगिन लागत नाही. घराचा पत्ता टाकला की जागा चालते की नाही ते लगेच कळतं. "रूरल" म्हणजे चारी बाजूंनी मक्याची शेतं असं काही नाही. साधारण १०,००० वस्तीपर्यंतची गावं, महानगराच्या बाहेर असेल तर २०,००० पर्यंत, आणि पूर्वीपासून यादीत असलेली काही गावं तर ३५,००० पर्यंतही बसतात. डे मॉइन, अँकेनी, आयोवा सिटी बसत नाहीत, पण त्यांच्याभोवतीची बरीच छोटी गावं बसतात.

सापळा असा की एकाच गावात रेषेच्या अलीकडचं घर चालतं आणि पलीकडचं चालत नाही. त्यामुळे गावाचं नाव टाकून खूश होऊ नका, प्रत्येक घराचा पूर्ण पत्ता टाका, बघायला जायच्या आधी. जाहिरातीत "यूएसडीए एलिजिबल" लिहिलेलं असलं तरी स्वतः बघा.

३. उत्पन्नाचं गणित, आणि हे दोन वेळा होतं

पहिलं गणित हे की तुम्ही जास्त तर कमवत नाही ना. मर्यादा त्या भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या ११५ टक्के. २०२५ साली देशातल्या बहुतेक काउंटींमध्ये १ ते ४ माणसांच्या घराला वर्षाला १,१९,८५० डॉलर आणि ५ ते ८ माणसांना १,५८,२५० डॉलर अशी होती. आकडे बदलत राहतात, आपल्या काउंटीचा त्याच साइटवर बघून घ्या.

ह्या गणितात घरात राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचं उत्पन्न धरतात, लोनवर त्याचं नाव असो नसो. ग्रीन कार्डवर आलेले सासरे वॉलमार्टमध्ये पार्टटाइम करतात, धरलं. धाकटा भाऊ सोबत राहतो आणि नोकरी करतो, धरलं. तुमचा ओव्हरटाइम, बोनस, पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं, तेही धरतात. सहा महिन्यांसाठी पाहुणे म्हणून आलेले आई-बाबा घरातले सदस्य धरले जात नाहीत.

जमेची बाजू अशी की काही गोष्टी वजा होतात. १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे एक ठरलेली रक्कम, आणि नोकरी करता यावी म्हणून १२ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या डेकेअरला खिशातून जो खर्च करता तो. डेकेअरचे भाव बघता मर्यादेच्या थोडं वर असलेलं कुटुंब नुसत्या ह्या वजावटीवर आत येऊ शकतं. पण पावत्या पाहिजेत. ओळखीच्या काकूंना कॅश देत असाल तर त्याचा काही उपयोग नाही.

दुसरं गणित हे की हप्ता फेडायला पुरेसं कमवता ना. इथे फक्त लोनवर नाव असलेल्यांचं, तेही टिकाऊ उत्पन्न धरतात. मागच्याच महिन्यापासून मिळायला लागलेला ओव्हरटाइम पहिल्या गणितात तुमच्या विरुद्ध मोजला जातो आणि दुसऱ्यात तुमच्या बाजूने मोजलाच जात नाही. अन्याय वाटतो खरा, पण नियम तसाच आहे.

दुसऱ्या गणिताचे आकडे २९ आणि ४१. घराचा पूर्ण हप्ता, म्हणजे मुद्दल, व्याज, प्रॉपर्टी टॅक्स, इन्शुरन्स सगळं धरून, ढोबळ (टॅक्स कापायच्या आधीच्या) पगाराच्या २९ टक्क्यांत आणि सगळी कर्जं मिळून ४१ टक्क्यांत. समजा महिन्याचा ढोबळ पगार ५,५०० आहे, तर घराला १,५९५ आणि सगळं मिळून २,२५५. आता गावाकडे गाडीशिवाय पान हलत नाही, दोघं नोकरी करणारे असले की दोन गाड्या, दोन हप्ते. दोन्ही मिळून ८५० गेले तर घराला १,४०५ च उरले. म्हणून घर घ्यायच्या आधीच्या वर्षात नवी गाडी घेऊ नका, जुनी होंडा चालवा. लेंडरचं कॉम्प्युटर सॉफ्टवेअर क्रेडिट चांगलं असेल तर ह्या आकड्यांच्या थोडं वरही होकार देतं, पण त्यावर भिस्त ठेवून घर शोधू नका.

भारतातली कर्जं: इथल्या क्रेडिट रिपोर्टवर पुण्याचं होम लोन किंवा शिक्षणासाठी काढलेलं बँकेचं कर्ज दिसत नाही, म्हणून "सांगायची काय गरज" असं सल्ले देणारे भेटतात. ऐकू नका. अर्जात सगळी देणी विचारतात आणि खाली तुमची सही असते, खोटं लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे. आणि बँक स्टेटमेंटवर दर महिन्याला भारतात जाणारी रक्कम दिसली की अंडररायटर (लेंडरकडे फाइल तपासणारा माणूस) विचारतोच.

४. कुठलं लोन ते ठरवा

आत्तापर्यंत सांगितलं ते गॅरंटीड लोनबद्दल. ह्यात पैसे साध्या बँकेचे किंवा मॉर्गेज कंपनीचे असतात, सरकार फक्त बँकेला हमी देतं. डाउन पेमेंट शून्य, मुदत ३० वर्षं, व्याज फिक्स. बदल्यात दोन फी, सुरुवातीला १ टक्का, ती लोनमध्येच मिसळता येते, आणि दरवर्षी शिल्लक रकमेच्या ०.३५ टक्के, ती महिन्याच्या हप्त्यात विभागून येते. दोन लाखांचं घर असेल तर सुरुवातीची फी दोन हजारांच्या आसपास आणि महिन्याला साधारण ५९ डॉलर. त्याच घरावर एफएचएला ३.५ टक्क्यांनी ७,००० डॉलर डाउन पेमेंट, सुरुवातीचा विमा १.७५ टक्के आणि महिन्याचा साधारण ८८. तरीही एफएचएचा फायदा आहेच, उत्पन्नाची मर्यादा नाही, नकाशाची भानगड नाही, क्रेडिट स्कोअर ५८० असला तरी चालू शकतं.

उत्पन्न खरंच कमी असेल तर यूएसडीएचंच डायरेक्ट लोन बघा. ते सरकार स्वतः देतं, मुदत ३३ वर्षं, काहींना ३८, आणि सबसिडी धरून प्रत्यक्ष व्याज १ टक्क्यापर्यंत खाली येऊ शकतं. ह्यासाठी बँकेत नाही, रूरल डेव्हलपमेंटच्या ऑफिसात अर्ज करायचा. बऱ्याच गावांत यूएसडीएची पाटी असलेलं ऑफिस असतं पण तिथे शेतीकर्जवाले बसतात, आधी फोन करून विचारा. आणि घर विकताना ह्या सबसिडीतला काही भाग परत करावा लागू शकतो, हे सही करायच्या आधी समजून घ्या. घरात कोणी अमेरिकन सैन्यात असेल तर व्हीए लोन, त्यातही डाउन पेमेंट नाही.

५. कागदपत्रं

फोल्डर एकदाच बनवा, सगळं पीडीएफमध्ये:

- ग्रीन कार्डच्या दोन्ही बाजू किंवा पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स
- मागच्या दोन वर्षांचे डब्ल्यू-२ (कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा फॉर्म) आणि टॅक्स रिटर्न
- मागच्या ३० दिवसांच्या पे-स्लिप
- दोन महिन्यांची बँक स्टेटमेंट, सगळी पानं, कोरं पानसुद्धा
- घरातल्या बाकीच्या मोठ्या माणसांच्या उत्पन्नाचा पुरावा
- डेकेअरच्या पावत्या
- १२ महिने भाडं वेळेवर भरल्याचा पुरावा
- भारतातल्या मालमत्तेचे आणि कर्जाचे कागद, मराठीत असतील तर इंग्रजी भाषांतरासकट

क्रेडिट स्कोअर साधारण ६४० च्या वर असला तर फाइल सॉफ्टवेअरमधून सरळ जाते. क्रेडिट हिस्ट्रीच नसेल, नवीन आलेल्यांचं असंच असतं, तर भाडं, वीजबिल, फोनबिल ह्यांचा वेळेवर भरल्याचा रेकॉर्ड दाखवून काम होऊ शकतं. पण ते माणसाच्या हाताने तपासलं जातं, वेळ जातो.

आई-बाबांकडून पैसे येणार असतील तर घर शोधायला लागायच्या आधीच मागवा. त्यांना भारतातल्या बँकेत ए-२ फॉर्म (पैसे परदेशी पाठवायचा अर्ज) भरावा लागतो आणि वर्षाला १० लाख रुपयांच्या वर पाठवलं तर वरच्या रकमेवर टीसीएस (आगाऊ घेतला जाणारा कर) कापला जातो. इकडे लेंडरला गिफ्ट लेटर लागतं, त्यात "हे पैसे परत करायचे नाहीत" असं स्पष्ट लिहून देणाऱ्याची सही. वायरची पावती जपून ठेवा. खात्यात कुठून आले ते न कळणारे पाच हजार दिसले की अंडररायटर सगळं सोडून त्याच्याच मागे लागतो.

६. लेंडर शोधा, मग घर

सगळे लेंडर यूएसडीए करत नाहीत. मोठ्या नावाच्या एका ठिकाणी आम्हाला "असं काही लोन नसतं" इथपर्यंत ऐकायला मिळालं. फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा, "गेल्या वर्षात तुम्ही किती यूएसडीए गॅरंटीड लोन क्लोज केली?" उत्तर घुटमळत आलं तर पुढचा नंबर लावा. गावातली छोटी बँक किंवा क्रेडिट युनियन बऱ्याचदा बरी पडते कारण त्यांना बोअर, सेप्टिक (सांडपाण्याची जमिनीतली टाकी), कच्चे रस्ते नवीन नसतात. निदान तिघांकडून लोन एस्टिमेट (व्याज, फी, खर्चाचा अंदाज) घ्या, पूर्ण अर्ज दिल्यावर तीन कामकाजी दिवसांत ते देणं त्यांना बंधनकारक आहे, आणि मग व्याजदराइतकंच फीच्या रकान्याकडेही बघा.

आयोवात असाल तर आयोवा फायनान्स अथॉरिटीच्या फर्स्टहोम स्कीमबद्दलही विचारा, क्लोजिंगच्या (सह्या होऊन घराचा व्यवहार पूर्ण होतो तेव्हाच्या) खर्चाला मदत मिळू शकते.

७. घर बघताना डोळे उघडे ठेवा

खरा खेळ इथे आहे. यूएसडीए तुम्हाला तपासतं तसंच घरालाही तपासतं. घर सुरक्षित, राहण्याजोगं पाहिजे, छत गळकं नको, हीटिंग चालू पाहिजे, सोललेला जुना रंग नको. "स्वस्तात मिळतंय, घेऊन दुरुस्त करू" ही आपली आवडती आयडिया साध्या यूएसडीए लोनमध्ये चालत नाही.

गावाबाहेरचं घर असेल तर पाणी बोअरचं असतं. लेंडर पाण्याची टेस्ट मागतो, बॅक्टेरिया, नायट्रेट, शिसं वगैरे. मक्याच्या पट्ट्यात नायट्रेटकडे खास लक्ष द्या, खतातून जमिनीत उतरतं. मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम, आणि त्यापेक्षा जास्त असलेलं पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात वापरलं तर धोका असतो, उकळूनही नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून वाढतं. काउंटीच्या आरोग्य खात्याला फोन करा, आयोवात खाजगी बोअरची टेस्ट बऱ्याच काउंटींमध्ये फुकट किंवा अगदी कमी पैशांत होते.

मग सेप्टिक. आयोवात १ जुलै २००९ पासून घर विकताना सेप्टिकची तपासणी सक्तीची आहे आणि ती सर्टिफाइड माणसानेच करायची. टाकी उघडून, उपसून बघतात, सांडपाणी शेवटी जातं कुठे ते शोधतात. जुन्या फार्महाउसमध्ये कधीकधी ते पाइपाने सरळ ओढ्यात सोडलेलं निघतं, मग नवी सिस्टिम बसवावी लागते आणि तो खर्च हजारांत असतो. कोण करणार हे ऑफरमध्येच लिहून घ्या. जानेवारीत जमीन गोठलेली असली की तपासणी पुढे ढकलायचा करार करता येतो, पण त्यात जबाबदारी कोणाची ते नीट वाचा, एजंट घाईत "नुसती फॉर्मॅलिटी" म्हणतात. बोअर आणि सेप्टिकच्या पाझर क्षेत्रात साधारण १०० फूट अंतर लागतं, पायाने मोजलं तरी अंदाज येतो.

रेडॉनची (जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू) टेस्ट कराच. आयोवाच्या सगळ्या ९९ काउंटी सगळ्यात जास्त धोक्याच्या झोनमध्ये आहेत. ही टेस्ट लोनसाठी नाही, स्वतःच्या फुफ्फुसांसाठी.

रस्ता खाजगी असेल तर कायमचा जाण्यायेण्याचा हक्क कागदावर आहे का आणि बर्फ कोण काढणार, हे विचारा. घर पूररेषेत असेल तर वेगळा पूरविमा, आणि तो हप्ता २९ टक्क्यांच्या गणितात धरला जातो.

आणखी एक, अप्रेझल आणि इन्स्पेक्शन एक नाही. अप्रेझर बँकेसाठी किंमत आणि किमान अटी बघतो. इन्स्पेक्टर तुमच्यासाठी. तीन-चारशे डॉलर वाचवायला इन्स्पेक्शन टाळणारे आपल्यात बरेच आहेत.

८. ऑफर आणि क्लोजिंगचे पैसे

शून्य डाउन म्हणजे शून्य खर्च नाही. अर्नेस्ट मनी (बयाणा), अप्रेझल, इन्स्पेक्शन हे आधीच खिशातून जातं, आणि क्लोजिंगचा खर्च वेगळा. तो कमी करायचे दोन मार्ग. विकणाऱ्याकडून घराच्या किमतीच्या ६ टक्क्यांपर्यंत मदत मागता येते. आणि अप्रेझल किमतीपेक्षा जास्त आलं तर मधल्या फरकाएवढा क्लोजिंगचा खर्च लोनमध्येच टाकता येतो, घर १,९०,००० ला ठरलं आणि अप्रेझल १,९४,००० आलं तर चार हजारांची सोय झाली. दुसऱ्या लोनांमध्ये ही सवलत सहसा नसते.

९. दोनदा मंजुरी

लेंडरने होकार दिला की फाइल यूएसडीएकडे जाते, तिथून कंडिशनल कमिटमेंट (हमी द्यायचा सशर्त होकार) आल्याशिवाय क्लोजिंग होत नाही. किती दिवस लागतील ते त्या त्या वेळच्या गर्दीवर. म्हणून ऑफरमध्ये क्लोजिंगची तारीख जरा सैल ठेवा आणि रेट लॉक (ठरलेला व्याजदर पक्का करून ठेवणं) त्या तारखेच्या पुढेपर्यंत घ्या. १ ऑक्टोबरला सरकारचं नवं आर्थिक वर्ष सुरू होतं, त्या सुमारास पैशाअभावी काम रखडतं. २०२५ मध्ये १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर सरकारी शटडाउन (बजेटअभावी कामकाज बंद) झालं तेव्हा नवीन कमिटमेंट निघणं थांबलं होतं आणि ज्यांच्या भाड्याच्या घराचा करार संपत आला होता त्यांची पंचाईत झाली. शक्य असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबर टाळा, नाहीतर घरमालकाशी महिना-महिना राहायचं आधीच बोलून ठेवा.

ह्या काळात नोकरी बदलू नका, नवं क्रेडिट कार्ड काढू नका, दिवाळी सेलमध्ये हप्त्यावर सोफा घेऊ नका. क्लोजिंगच्या आधी क्रेडिट पुन्हा बघतात.

१०. क्लोजिंग आणि नंतर

क्लोजिंग डिस्क्लोजर (अंतिम खर्चाचा तक्ता) तीन कामकाजी दिवस आधी हातात येतं, लोन एस्टिमेट शेजारी ठेवून ओळ-ओळ जुळवा. पैसे वायर करायच्या सूचना ईमेलवर आल्या तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करा, ह्यात फसवणूक खूप होते.

आयोवाची गंमत म्हणजे इथे बाकी राज्यांसारखा कंपन्यांचा टायटल इन्शुरन्स (मालकी हक्काचा विमा) विकला जात नाही. त्याऐवजी अॅब्स्ट्रॅक्ट असतो, जमिनीचा सगळा इतिहास, आपल्या सातबाराच्या फेरफारांची आठवण येईल असा जाडजूड गठ्ठा. वकील तो वाचून मत देतो आणि वर राज्य सरकारची टायटल गॅरंटी घेता येते. गठ्ठा तुमच्या हातात आला तर जपून ठेवा, हरवला तर नवा बनवायला बराच खर्च येतो. लोन एकाच्या नावावर असलं तरी इथे मॉर्गेजवर (घर तारण ठेवल्याच्या कागदावर) नवरा-बायको दोघांची सही लागते, तेव्हा त्या आठवड्यात कोणी भारतात नको.

प्रॉपर्टी टॅक्स इथे मागच्या काळाचा भरतात, सप्टेंबर आणि मार्चमध्ये, म्हणून क्लोजिंगला विकणाऱ्याने त्याच्या वाटणीची रक्कम तुम्हाला वळती केली आहे ना ते बघा. पुढचा टॅक्स लेंडर एस्क्रोतून (हप्त्यातून बाजूला काढून ठेवलेल्या पैशांतून) भरतो. राहायला गेल्यावर अधिकृत दिसणारी पत्रं येतील, "डीडची (खरेदीखताची) प्रत हवी असेल तर शंभर डॉलर भरा" वगैरे, ती फाडून टाका, प्रत रेकॉर्डरच्या ऑफिसात नाममात्र पैशात मिळते. आणि काउंटी असेसरकडे (घरांचं मूल्य ठरवणारा अधिकारी) जाऊन होमस्टेड क्रेडिटचा (राहत्या घरावरच्या टॅक्स सवलतीचा) फॉर्म १ जुलैच्या आत भरून या, तुमच्या वतीने तो कोणी भरत नाही. एकदाच भरायचा असतो, त्या घरात राहताय तोवर चालतो.